केतकीला, ठाणेदार निवडण्याबाबत

तुमच्याकडे ठाणेदार मतं देऊन निवडतात
हे ऐकून मी चहाची बशी खाली ठेवली.
दौलतगंजात कुणाला सांगितलं असतं
तर म्हणाले असते, मोरूभाऊ,
थंडी डोक्यात गेली.

पण तू विचारलंस म्हणून सांगतो.
एकतीस वर्षं मी हेड मुहर्रिर होतो,
म्हणजे बंदूक नाही, दंडुका नाही;
टेबल, रोजनामचा आणि मालखान्याची किल्ली.
ठाणेदार आले, बदलून गेले,
किल्ली माझ्या करगोट्याला.

दोघांचे फोटो पाठवलेस.
दोघांच्या डोक्यावर टोपी, मागे झेंडा,
दोघांचे कुत्रे देखणे.
एक म्हणतो मी कडक, दुसरा म्हणतो मी फार कडक.
कडक तर आपली गजकही असते, पोरी,
म्हणून तिला कुणी ठाण्यात बसवत नाही.

भर सभेत उठून विचार,
तुझ्या कोठडीत माणसं किती, घोंगड्या किती?
कागद शोधू लागला तर बरं,
भाषण शोधू लागला तर उठून ये.
लष्करचा जानेवारी तुला आठवत असेल,
नळाचं पाणी दातांना चावायचं.
आमच्याकडे घोंगड्या सहा, मी मोजून लिहिलेल्या,
आणि एका रात्री माणसं अकरा.
उरलेल्या पाचांची थंडी कुठल्या रकान्यात भरायची
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

कैद्यांच्या जेवणाचे पैसे कोण मोजतं ते विचार.
चोरीची सापडलेली सायकल मालकाकडे जाते
की साहेबांच्या मेव्हण्याकडे.
तक्रार घेऊन आलेली बाई
बाकावर किती वेळ बसते.
हे त्याला विचारू नकोस,
तिथे जो झाडू मारतो त्याला विचार.
आमच्या कल्लूला सगळं ठाऊक असायचं,
पण त्याचं मत मागायला
फक्त पार्षद यायचा.

आणि घड्याळ.
घड्याळाचं विसरू नकोस.

एकदा कंपूकडून एक मुलगा आणला,
परमाल नावाचा, एका पायात चप्पल.
भिंतीवर सव्वाअकरा. मी पेन उघडलं.
साहेब म्हणाले, मुहर्रिर, पेन खाली ठेव.
मी ठेवलं.
पहाटे म्हणाले, आता लिही.
मी लिहिलं, पाच वाजता हजर केला.
माझं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे.
मधले पावणेसहा तास
त्या अक्षरात कुठेच नाहीत.

साहेब वाईट नव्हते.
गणपतीला वर्गणी द्यायचे, आरतीला थांबायचे.
बदली झाली तेव्हा हार मीच आणला.

परमाल सराफ्याच्या तोंडाशी चहा विकतो.
डाव्या कानाने ऐकू येत नाही त्याला.
मी उजवीकडे उभा राहून मागतो.
तो सुटे पैसे नीट मोजून परत देतो.
एवढंच.

त्या साहेबांना आम्ही थोडंच निवडलं होतं,
वरून आले होते,
असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.
तुला ती सोय नाही.
तू शिक्का मारशील
किंवा तुमच्याकडे जे काय दाबतात ते दाबशील,
आणि त्याच्या भिंतीवरचं घड्याळ
थोडं तुझंही होईल.

दोघांपैकी कोण, ते मला इथून कसं कळणार?
त्यांचा मुन्शी शोध.
असेलच कुणीतरी, कोपऱ्यात, चष्मेवाला.
त्याला विचार, साहेबांनी कधी
पेन खाली ठेवायला सांगितलं का?
चटकन नाही म्हणाला तर पुन्हा विचार.
नखं बघत गप्प राहिला
तर समज, काकाच बसलाय.

तिकडे बर्फ पडतो म्हणे.
रांगेत कान झाकून उभी राहा.